कौलांची हौस कोणाला?

दरडीखाली गेलेल्या माळीणच्या नव्या गावात शिरून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोवर माझा मित्र म्हणाला, "हे गाव कुठंही असू शकलं असतं. चाकणच्या एमआयडीसीमागं, रांजणगावला, कुठंही."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. जुन्नरला आलेल्या पाहुण्यांना शिवनेरी, लेण्याद्री दाखवून झालं की कोणीतरी हळूच विचारतं, 'ते माळीण कुठंशी आलं?' मग घोडेगाव ओलांडून, डिंभ्याच्या धरणाला वळसा घालून आम्ही तिकडं जातो. परतताना बहुतेक जण हेच बोलतात, फक्त शब्द इकडचे तिकडे. सरकारनं संधी घालवली. आदिवासी गाव होतं, मातीची घरं होती, कौलं होती, सारवलेली अंगणं होती. त्या जागी सिमेंटच्या पेट्या मांडून ठेवल्या. हा मित्र पुण्यात वास्तुरचना शिकवतो, त्यामुळं त्याच्या तोंडून तेच ऐकताना उत्तर द्यावंसं वाटलं. पण चढाच्या रस्त्यावर त्याला बोलायला दम होता, मला फारसा नव्हता. म्हणून जे तुटक बोललो ते आता नीट लिहितो आहे.

त्याची बाजू आधी सांगतो, आणि ती मुद्दाम पडेल करून सांगणार नाही. त्याचं म्हणणं असं, की माती, दगड आणि लाकूड यांचं घर पावसाळ्यात ऊब धरतं, उन्हाळ्यात गार राहतं, आणि त्याचा खर्च गावातच फिरतो. जुनं गाव भावकीच्या अंदाजानं वाढलेलं असतं. कोणाचा ओटा कोणाच्या ओट्यासमोर यायचा हे दोनतीन पिढ्यांनी ठरवलेलं असतं. इथं ते नकाशावर फूटपट्टीनं ठरवलं. महादेव कोळी आदिवासींच्या गावाला महादेव कोळ्यांची म्हणून काही खूण उरली नाही. बोलता बोलता त्यानं हसन फथीचं नाव घेतलं. हा इजिप्तचा वास्तुविशारद. त्यानं १९४०च्या दशकात लक्झरजवळ नवं गुर्ना हे सबंध गाव मातीच्या विटांनी, कमानी आणि घुमट घालून उभारलं. "तसं कोणीतरी इथं हवं होतं," मित्र म्हणाला.

मी त्याला एवढंच विचारलं, की त्या गावात राहायला कोण गेलं? गुर्नाचे लोक जुनी जागा सोडायला तयार नव्हते. घुमट तर त्यांच्याकडं थडग्यावर असायचे, घरावर नाही, असंही सांगतात. जगातल्या वास्तुरचनेच्या पुस्तकांत ते गाव गाजलं आणि ज्यांच्यासाठी बांधलं त्यातले बरेच जण आलेच नाहीत. माळीणची घरं पुस्तकात जाणार नाहीत, पण त्यांत माणसं राहतात. संध्याकाळी सहाला दारादारांतून टीव्हीचा आवाज येत होता.

मुद्दा मात्र तेवढ्यानं संपत नाही. 'राहतात ना, मग झालं' हे उत्तर सरकारी आहे, ते मला द्यायचं नाही.

३० जुलै २०१४, बुधवार. आठवडाभराचा पाऊस अंगावर घेतलेला डोंगराचा कडेचा भाग सकाळी खाली आला आणि चाळीसच्या वर घरं त्याखाली गेली. गाव राहिलं नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळलं ते एसटीच्या एका चालकामुळं. नेहमीच्या जागी नेहमीचं गाव त्याला दिसेना. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पुढं आठवडाभराहून जास्त चिखल उपसत होते. १५१ माणसं गेली. वाचली ती बहुतेक त्या सकाळी गावाबाहेर असलेली. जिल्हा परिषदेची शाळा उभी राहिली. पुढची अडीच वर्षं वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढली, जागा शोधण्यात महिने गेले, आणि शेवटी जवळच आमडे इथल्या उतारावर टप्पे पाडून नवं गाव बसवलं. २ एप्रिल २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. पाचशे चौरस फुटांच्या आतबाहेरचं एकेक घर, शाळा, ग्रामपंचायत, सभागृह, सिमेंटचे रस्ते.

आता कौलं. कौलांच्या घरावर प्रेम करणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदा तरी शाकारणी करावी. मे महिन्यात, अंगावर ऊन घेत, वाशावर पाय कुठं ठेवायचा ते चाचपत, फुटकी कौलं उतरवायची, उरलेली झाडून पुन्हा लावायची, आणि मृगाच्या पहिल्या सरीत तांब्या-परात घेऊन घरभर फिरायचं. भीमाशंकरच्या अंगाला वानरांचा एक कळप तासाभरात एका घराची कौलं ओसरीवर उतरवतो. वासे कुजले तर नवीन लाकूड आणायचं कुठून? वनखात्याच्या हद्दीतून आणलं तर गुन्हा, वखारीतून आणलं तर कर्ज. भिंत दर वर्षी लिंपायची, जमीन दर आठवड्याला सारवायची, आणि ही कामं बायकांनी करायची. 'मातीच्या घराची ऊब' या शब्दांत त्यांची कंबर कुठं मोजलेली नसते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात ज्याच्या हातात स्वतःचे चार पैसे येतात, तो काय बांधतो? विटा, सिमेंट, वर पत्रा नाहीतर स्लॅब. त्याला कोणी सक्ती केलेली नसते. मित्राच्या स्वतःच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एका भिंतीला शेणामातीचा गिलावा आहे, तो काढायला कंत्राटदार येतो आणि लावायलाही.

दुसरं, किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेत माणसं मेली ती बव्हंशी स्थानिक साहित्यानं बांधलेल्या स्थानिक घरांत: दोन-दोन हात जाड दगडामातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. ती घरं उन्हाळ्यात गारच होती. नंतर लोकांनी दगडाकडं बघायचं सोडलं. ५२ गावं नव्या जागी हलवली आणि घरं जमिनीच्या मालकीप्रमाणं मोजून दिली: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. जुन्या गावाची उतरंड सिमेंटमध्ये पक्की झाली. त्या पुनर्वसनावर बोलायचं तर या विषयावर बोला. भिंत कशाची हा प्रश्न तिथं लोकांनी कधीच निकालात काढला होता.

इथं मित्रानं मला बरोबर पकडलं. "म्हणजे भूकंपरोधक आरसीसी बांधलं हे योग्यच झालं?"

नाही. माळीणला भूकंप झालाच नव्हता. 'भूकंपरोधक घरं' ही नव्या गावाची मोठी जाहिरात, आणि ती ऐकून मला दर वेळी वाटतं, की ज्याचं घर आगीत जळलं त्याला आपण छत्री दिली. डोंगर खाली येतो तेव्हा आरसीसी आणि माती यांत फार फरक करत नाही. शाळा वाचली ती तिच्या भिंतींमुळं नाही, ती जिथं होती त्या जागेमुळं. म्हणजे कौलांवर जीव टाकणारा माझा मित्र आणि पिलरच्या सळया मोजणारा अधिकारी दोघं एकाच खोलीत उभे राहून भांडत आहेत, आणि खोलीच्या बाहेर, पायाखाली, ज्याच्यावर भांडायला हवं ते आहे: उतार, भराव आणि पाणी.

आपल्या या डोंगरांची घडण अशी, की खाली काळा पाषाण, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसानं कुजत गेलेला मुरूम आणि माती. पाणी मातीतून खाली मुरतं, पाषाणाशी अडतं, आणि वाट मिळाली नाही तर तिथंच साठत राहतं. मग वरचा थर खालच्यावर टेकून राहायचं सोडतो. डोंगराला आधी भेगा पडतात, झरे जागा बदलतात, नितळ झऱ्याला गढूळ पाणी येतं. हे कळायला भूवैज्ञानिक लागतो असं नाही, पण भूवैज्ञानिकाचं ऐकायला कोणीतरी लागतो. पश्चिम घाटाच्या नाजूकपणावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ सालीच सरकारच्या हातात होता. माळीण २०१४ साली गेलं. तळिये २२ जुलै २०२१ रोजी दरडीखाली गेलं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. दर वेळी 'निसर्गाचा कोप' हे शब्द श्रद्धांजलीच्या पहिल्या ओळीत आले.

नव्या माळीणला कोपाची पहिली चुणूक लोकार्पणानंतर तीन महिन्यांच्या आत, जून २०१७ मध्येच मिळाली. पहिल्या जोराच्या पावसात भराव खचला, रस्त्याच्या कडा बसल्या, पायऱ्या आणि पाण्याचे नळ निखळले, काही घरांच्या भोवतालची माती वाहून गेली. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी डोंगर खाली येताना पाहिला, किंवा पाहिलेल्यांचे मृतदेह उचलले, ती माणसं रात्री घर सोडून बाहेर पडली. नंतर दुरुस्त्या झाल्या. पण प्रश्न नवा नव्हता, आणि अवघडही नव्हता: टप्पा पाडण्यासाठी एकीकडं डोंगर कापायचा, निघालेली माती दुसरीकडं टाकून सपाट करायची, आणि त्या मातीला बसायला पुरेसा वेळ न देता वर संसार मांडायचे. घर बांधणाऱ्या कुठल्याही गवंड्याला विचारा, भरावाला किती पाऊस दाखवावा लागतो. घाई कशाची होती, ते ज्यांनी फिती कापायच्या तारखा ठरवल्या त्यांना माहीत.

आणि याच बाबतीत आमच्या जुन्नरला दोन हजार वर्षांपूर्वी जे कळत होतं, त्याबद्दल मित्र एक शब्द बोलला नाही. सकाळीच आम्ही मानमोडी आणि लेण्याद्रीला जाऊन आलो होतो. त्यानं चैत्याच्या कमानीचे फोटो काढले, खांबांवरचे हत्ती-सिंह टिपले. जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. बघणारे दर्शनी भागावर थांबतात. थोडं बाजूला सरकून बघायला हवं. विहाराच्या कडेला खडकात खोदलेली पाण्याची टाकी, जिला शिलालेखात पोढी म्हटलं आहे. कड्यावरून उतरणारं पाणी दारावर पडू नये म्हणून वर कोरलेली पन्हळ, त्या पन्हळीचा उतार टाकीकडं. दान देणाऱ्यांनी नुसत्या पोढ्यांसाठीही पैसे दिले आणि तसं कोरून ठेवलं. नाणेघाटात वर चढून येणाऱ्या व्यापाऱ्याला प्रथम काय लागत असे? पाणी, आणि तिथं टाकी आहेत. शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांचं पाणी भर उन्हाळ्यात बर्फासारखं लागतं. आधी पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते ठरवायचं, मग छिन्नी मूर्तीकडं वळवायची, ही सह्याद्रीतली स्थानिक वास्तुरचना. जुन्या गावाची खूण हवी असेल तर ती ही. मंगलोरी कौल तर मंगलोरच्या भट्ट्यांनी आपल्याकडं रुळवलं. त्याआधी या डोंगरांत गवतानं आणि पानांनीही शाकारत. किती मागं जायचं ते एकदा ठरवा.

मी हे बोलत असताना आम्ही गावाच्या वरच्या टप्प्यावर पोचलो होतो. वैशाख अर्ध्यावर होता आणि त्या दिवसांत या पट्ट्यात एकच वास असतो, बाळहिरड्याचा. तुरट, किंचित कडू, वाळत्या पाल्यासारखा. एका घरापुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर ताडपत्री अंथरून हिरडा पसरलेला होता. सकाळचा हिरवा माल दोनतीन दिवसांत काळा पडतो, सुरकुततो, आणि मुठीत घेऊन हलवला की खड्यांसारखा वाजतो. वाजला की वाळला. एक मावशी खराट्यानं तो गोळा करत होत्या, कारण रात्री दव धरलं तर बुरशी येते आणि व्यापारी भाव पाडतो. सिमेंटचा रस्ता दिवसभर तापलेला असतो, त्यावर हिरडा लवकर वाळतो. "आधी खळ्यावर वाळवायचो, खाली माती लागायची," त्या म्हणाल्या. "आता साफ राहतो." हिरडा हे या बाजूच्या घरांचं रोख पैशाचं पीक. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात झाडं मुळासकट उपटली गेली, तेव्हा त्याच्या भरपाईसाठी इथल्या आदिवासींना काही वर्षं मोर्चे काढावे लागले. मित्राला मात्र त्या रस्त्यावर फक्त करडा रंग दिसत होता.

मी त्याला म्हटलं, आता घरांकडं बघ, पण जे बांधून दिलं ते नको, जे नंतर जोडलं ते. मागच्या दाराला टेकून पत्र्याची एक पडवी, तिच्यात चूल. गॅस आत आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी इथं. एका घराच्या बाजूला बांबूच्या कुडाचा आडोसा, त्यात दोन शेळ्या. भिंतीशी सरपणाची रास, इतकी बेतशीर रचलेली की गवंड्यानं बघावी. भाताचा पेंढा मात्र कुठं ठेवावा हे कोणाला सुचलेलं नाही. तो एका घराच्या कठड्यावर, दुसऱ्याच्या टेकलेल्या शिडीवर, तिसऱ्याच्या चक्क वऱ्हांड्यात. नकाशा काढणाऱ्यानं शेतकऱ्याच्या घरात पेंढा असतो हे धरलं नव्हतं, आणि नकाशावर टीका करणाऱ्यानंही धरलेलं नाही. माझ्या लेखी या गावाच्या रचनेवरचा सगळ्यात कडक अभिप्राय त्या पेंढ्यानं दिला आहे.

पुण्याला हे नवं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर पूरग्रस्तांना अर्धगोल पत्र्याच्या निसन हट दिल्या, वसाहती दिल्या. तेव्हा त्यांनाही लोक तुरुंग म्हणाले असतील. आज त्या वसाहतींत जा: माडी चढली, गॅलऱ्या बाहेर आल्या, जिने रस्त्यावर उतरले, मारुतीची देवळं झाली. माणसं मिळालेल्या साच्याचं काही वर्षांत आपलं घर करतात. सरकारनं आणि वास्तुविशारदानं एवढंच करायचं, की जोडायला जागा ठेवायची आणि पायाखालची जमीन हलू द्यायची नाही. यातलं पहिलं माळीणला थोडंफार झालं. दुसऱ्याचं उत्तर दर जुलैला नव्यानं द्यावं लागतं.

एक आरोप अजून आहे, तो मित्रानं केला नाही, पण मंचरच्या हॉटेलात चहा पिताना शेजारच्या टेबलावरून हमखास ऐकू येतो. 'यांनीच डोंगर फोडला. पडकई करून करून उतार खिळखिळा केला, आणि आता फुकटात बंगले मिळाले.' बंगल्याचं उत्तर द्यायची गरज नाही. घरटी किती माणसं गेली ते विचारून बघा, बोलणारा चहा संपवून उठतो. पडकईचं उत्तर द्यायला हवं. पडकई म्हणजे उतारावर दगडाची ताल रचून, माती अडवून भाताचं खाचर तयार करायचं. हे काम उन्हाळ्यात दहावीस जणांनी मिळून, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या, असं करायचं. पहार, कुदळ आणि हातानं उचलता येईल एवढा दगड. माणसाच्या हाताला वर्षाला जेवढा डोंगर सरकवता येतो, तेवढा डोंगरालाही सोसवतो, कारण मधे एक पावसाळा जातो आणि कुठं फुगलं, कुठं पाझरलं ते दिसतं. हीच पडकई पुढं सरकारी योजना झाली. उतारावर जेसीबी चालली, असं माळीणनंतर या भागात उघड बोललं गेलं. यंत्र एका दिवसात दहा वर्षांचं काम करतं आणि मधले दहा पावसाळे वगळतं. परंपरेला दोष देताना हा हिशेब कोणी करत नाही. आणि गंमत अशी, की जे उताराला सपाट करून चूक केली म्हणून आदिवासींना ऐकवतात, त्यांनीच त्यांचं नवं गाव उतार सपाट करून बसवलं.

उतरत्या उन्हात आम्ही जुन्या जागेकडं गेलो. इथं आता स्मृतिस्तंभ आहे, गेलेल्यांची नावं आहेत, आणि नातेवाइकांनी एकेका माणसामागं एक अशी लावलेली झाडं आहेत. दर ३० जुलैला इथं माणसं जमतात, भर पावसात. झाडं आता माणसाच्या डोक्यावर गेली आहेत. मागं डोंगराचा तो भाग. त्यावर हिरवं आलं आहे, पण ज्याला माहीत आहे त्याला व्रण दिसतो.

मित्राला स्मारकही पटलं नाही. कुठल्याही चौकात असतो तसा स्तंभ, त्याचं म्हणणं. काहीतरी मोकळं, अमूर्त, जमिनीत उतरत जाणारं हवं होतं, जिथं बघणाऱ्याला अंतर्मुख व्हावंसं वाटेल.

इथं मात्र मला राग आला, आणि तो लिहूनही टाकतो. बघणारा कोण? तू आणि मी? शिवनेरीवर एक कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात मुघलांनी बंड केलेल्या महादेव कोळ्यांची तिथं कत्तल केली असं परंपरेनं सांगतात. त्यावर एक नाव नाही. किती माणसं, कोणत्या गावची, कोणाची, काही नाही. गडावर फिरायला येणारे चौथऱ्याशी उभं राहून फोटो काढतात आणि पुढं जातात. तो पुरेसा मोकळा आहे, पुरेसा अमूर्तही. त्याच जमातीच्या माणसांची नावं साडेतीनशे वर्षांनी, शासनाच्या खर्चानं, देवनागरीत, पहिल्या नावापासून आडनावापर्यंत कोरली जातात, ही माझ्या मते या परिसरातल्या वास्तुरचनेतली मोठी घटना आहे. आम्ही उभे होतो तेव्हा एक बाई आल्या, पायातल्या चपला काढल्या, एका नावावर बोट ठेवलं, खाली सरकवलं, दुसऱ्यावर ठेवलं, तिसऱ्यावर ठेवलं. एकच आडनाव ओळीनं येत होतं. मग त्या झाडांकडं गेल्या, एका झाडाच्या आळ्यातला पाला काढला, आणि बाटलीतलं पाणी ओतलं. अंतर्मुख होण्यासाठी त्यांना जमिनीत उतरावं लागलं नाही.

स्मारकाविरुद्ध माझी तक्रार वेगळी आहे. तिथं नावं आहेत, तारीख आहे. डोंगर का आला, हे नाही. भेग कुठं पडली, पाणी कुठं साठलं, काय सुचलं असतं तर टळलं असतं, याची दोन ओळींची पाटी तिथं हवी, कारण दरडप्रवण म्हणून यादीत गेलेल्या वाड्या याच तालुक्यांत आहेत आणि तिथली शाळेची पोरं इथं सहलीला येऊ शकतात. एखाद्या पोरानं घरी जाऊन आजोबाला विचारलं, की आपला झरा यंदा गढूळ का येतो, तर स्तंभाचा खर्च वसूल झाला. आपण स्मारकाला दुःख कोरायला सांगतो आणि कारण सांगायची मनाई करतो. कारण गळून नुसती नावं कशी उरतात, ते इथं जवळच दिसतं. याच तालुक्यात महाळुंगे पडवळला जन्मलेले बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवे पडले. त्यांचं नाव डिंभ्याच्या जलाशयाला दिलं आहे. त्या जलाशयात ज्यांच्या गावठाणांवरून पाणी फिरलं त्यांत आंबेगावही आहे, ज्याच्या नावानं तालुका चालतो. हुतात्म्याचं नाव पाटीवर आहे, बुडालेल्या गावाचं तालुक्याच्या शिक्क्यावर. दोन्ही नावं रोज वापरात आहेत आणि दोन्हींचा अर्थ कोणाला विचारावासा वाटत नाही.

परत गावातून निघालो तेव्हा दिवे लागले होते. खालच्या टप्प्यावर, रस्त्याच्या कडेच्या गटाराशी एक म्हातारे बाबा उकिडवे बसले होते. बाजूला घमेलं, हातात खुरपं. गटारात पाला, माती, चिप्सची पाकिटं, मागच्या वर्षीचा गाळ. त्यावर लोखंडी जाळी. ते खुरप्याच्या टोकानं जाळीच्या फटीतून गाळ उकरत होते, चमचाभर चमचाभर.

मित्र थांबला. त्यानं नमस्कार केला, आणि शिक्षकाच्या सवयीनं विचारलं, "बाबा, घर कसं वाटतं? जुनं बरं होतं की हे?"

बाबांनी वर पाहिलं. आमचे बूट, मित्राच्या गळ्यातला कॅमेरा, पाठीवरची पिशवी, सगळं बघितलं.

"तुमी इंजनेर का?"

"हो, म्हणजे तसंच काहीसं," मित्र म्हणाला.

"मंग ही जाळी कुठून उघाडती त्ये सांगा. मिरग पंधरा दिसांवं आलाय."

मित्र खाली बसला. मोबाईलचा उजेड धरून त्यानं जाळीच्या चारही कडा चाचपल्या. बिजागरी नव्हती, खाचही नव्हती. चारी बाजूंनी ती सिमेंटात बसवली होती. मी दुसरीकडून ओढून पाहिली. बाबांनी आम्हाला थोडा वेळ करू दिलं, मग खुरपं पुन्हा फटीत घातलं.